केसाळ नॅनोसेल्युलोज: केमोचं लाल औषध, तांबं आणि निओडिमियम एकाच काडीला कसे चिकटतात?

काचपात्र

कापूस, लाकूड, ताग, पेंढा, उसाचं चिपाड, काहीही घ्या, आतला सांगाडा एकच: सेल्युलोज. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनज्ञानं तो १८३८ मध्ये वेगळा काढला. पुढे त्यातून रेयॉन, सेलोफेन, सिनेमाच्या फिती असं बरंच काही निघालं. हा धागा त्याच्या अलीकडच्या एका अवताराबद्दल, केसाळ नॅनोसेल्युलोजबद्दल, आहे. त्याच्या बातम्या आल्या की समूहांवर 'झाडापासून बनवलेला जादूचा फिल्टर' म्हणून फिरतात. पदार्थ खरंच भारी आहे, पण ज्या कारणासाठी त्याचं कौतुक होतं ते कारण मला पटत नाही.

आधी रचना. सेल्युलोजचा तंतू सगळीकडे सारखा नसतो. काही भागांत साखळ्या शिस्तीत रचलेल्या असतात, तो स्फटिकी भाग. मधेमधे विस्कळीत पट्टे. साधारण ६४ टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये तो गरम केला की विस्कळीत पट्टे विरघळून जातात आणि उरतात बारीक काड्या, ५ ते १० नॅनोमीटर जाड आणि शे-दोनशे नॅनोमीटर लांब. हा प्रकार १९४९ च्या सुमारास स्वीडनमध्ये रॉन्बी यांनी दाखवला होता, म्हणजे नवा नाही.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात थियो व्हान दे व्हेन यांच्या गटानं वेगळी वाट धरली. ॲसिडऐवजी सोडियम पेरआयोडेट. ते साखळीतल्या ग्लुकोजच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमधला बंध तोडतं, तिथे अल्डिहाइड गट उघडे पडतात, आणि मग क्लोराइटची प्रक्रिया करून त्यांचे कार्बोक्झिल गट करता येतात. यात विस्कळीत भाग पूर्ण धुऊन जात नाही. तो मधेच तुटतो आणि त्याचे धागे काडीच्या टोकांना लोंबत राहतात. बाभळीचं दातवण दोन्ही टोकांनी चावून ठेवलं तर जसं दिसेल तसं: मधे टणक काडी, दोन्हीकडे केसांचा कुंचला. आणि या केसांवर, त्या कार्बोक्झिल गटांमुळे, ऋण प्रभार खच्चून भरलेला. ॲसिडनं केलेल्या साध्या काडीवर ग्रॅममागे ०.३ मिलिमोलच्या (मिलिमोल म्हणजे कणांची संख्या मोजायचं एकक) आसपास प्रभार असतो, या केसाळ काडीवर तो ५-६ मिलिमोलपर्यंत जातो.

आता ज्यांच्यावरून बातम्या झाल्या ते आकडे. तांबं: ग्रॅममागे सुमारे १८५ मिलिग्रॅम (मॅकगिल, २०१५). डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध: ग्रॅममागे ६००० मिलिग्रॅमहून जास्त, तेही मानवी रक्तद्रवातून (पेन स्टेट, अमीर शेखी यांचा गट, २०२१). निओडिमियम हा चुंबकांत लागणारा धातू: ग्रॅममागे सुमारे २६४ मिलिग्रॅम, काही सेकंदांत (तोच गट, २०२२). शेखी आधी मॅकगिललाच होते, त्यामुळे हे सगळं एकाच घराण्याचं गाणं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: इथे झाडाचं श्रेय फार तर निम्मं. बाकी सगळं त्या केसांवर कुठला प्रभार बसवलाय आणि पाण्यात आणखी कोण कोण आहे यावर ठरतं. हे दोन प्रश्न न विचारता या पदार्थाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. चर्चा होऊ दे.

शंकासुर

एक ग्रॅम पदार्थ सहा ग्रॅम औषध धरतो? स्वतःच्या सहापट? शून्य जास्त पडलंय का कुठे?

निवळशंख

वाचतोय. दातवण आवडलं.

ठोकताळा

शंकासुर, शून्य बरोबर आहे, पण तुमची शंका योग्य जागी आहे. तिन्ही आकडे प्रभाराच्या भाषेत मांडून बघू.

तांब्याचा अणुभार ६३.५. म्हणजे १८५ मिलिग्रॅम म्हणजे २.९ मिलिमोल. तांब्याच्या आयनावर दोन धन प्रभार, म्हणून ५.८ मिलिमोल ऋण प्रभार खर्ची पडला. निओडिमियमचा अणुभार १४४, २६४ मिलिग्रॅम म्हणजे १.८३ मिलिमोल, आयनावर तीन प्रभार, म्हणजे ५.५. दोन वेगळे धातू, दोन वेगळी वर्षं, आणि उत्तर जवळजवळ तेच, जेवढा प्रभार केसांवर बसवलाय तेवढं. याचा अर्थ इथे काही जादू नाही, एकास एक हिशेब आहे. असे आकडे जुळले की त्या कामावर माझा विश्वास बसतो.

आता डॉक्सोरुबिसिन. रेणुभार ५४३.५. सहा ग्रॅम म्हणजे ११ मिलिमोल. त्याच्या रेणूवर एकच धन प्रभार (त्यातल्या साखरेवरच्या अमाइन गटाचा). म्हणजे ५-६ मिलिमोल जागांवर ११ मिलिमोल पाहुणे. निव्वळ प्रभारानं हे होणार नाही. पण हा रेणू सपाट आहे, चार सलग कड्यांचा, आणि असे सपाट रेणू एकमेकांवर थर लावून बसतात. पहिला रेणू केसाला चिकटला, त्याच्यावर दुसरा बसला. हे माझं वाचन आहे. पण त्यातून एक गोष्ट नक्की निघते: हा सहा हजारांचा आकडा दुसऱ्या औषधाला लावायचा नाही. जे औषध सपाट नाही, ज्यावर धन प्रभार नाही, त्याला हा पदार्थ विचारणारही नाही.

गोळी_दोनवेळा

उत्तम धागा. थोडी वैद्यकीय बाजू लिहितो, नाहीतर रक्तातून औषध काढायचंच का, मग दिलंच का, असा प्रश्न कुणालाही पडेल.

डॉक्सोरुबिसिन गडद लाल असतं. स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. गुणकारी आहे, पण हृदयाच्या स्नायूला मारक. म्हणून आयुष्यभरात एका माणसाला किती द्यायचं याला मर्यादा असते, साधारण शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ४५० ते ५५० मिलिग्रॅम. त्यापुढे हृदय निकामी व्हायचा धोका झपाट्यानं वाढतो.

यकृताच्या कॅन्सरमध्ये एक सोय आहे. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. निरोगी पेशी बहुतांश पोर्टल शिरेवर जगतात, गाठ मात्र यकृताच्या धमनीवर. म्हणून जांघेतून नळी सरकवत नेऊन औषध थेट त्या धमनीत सोडतात. तरी बरंचसं औषध गाठीत न थांबता पुढे निसटतं, यकृताच्या शिरेतून बाहेर पडतं आणि पहिला मुक्काम हृदयाचा. तर कल्पना अशी की त्या शिरेच्या तोंडाशी तात्पुरती जाळी बसवायची, निसटलेलं औषध तिथेच पकडायचं, आणि उपचार संपला की जाळी काढून घ्यायची.

ही कल्पना सेल्युलोजवाल्यांची नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे स्टीव्हन हेट्स आणि त्यांचे सहकारी यावर बरीच वर्षं काम करताहेत. २०१९ मध्ये त्यांनी त्रिमितीय छपाईनं बनवलेली, सल्फोनेट गटांच्या पॉलिमरचा लेप दिलेली जाळी डुकरांमध्ये वापरून साधारण ६४ टक्के औषध पकडल्याचं प्रसिद्ध केलं. केसाळ सेल्युलोजचं काम अजून परीक्षानळीतल्या रक्तावर आहे. तांबड्या पेशी फुटत नाहीत, पेशींच्या वाढीवर परिणाम दिसत नाही, इथपर्यंत त्यांनी दाखवलं. प्राण्याच्या शिरेत जाळी बसवणं ही पुढची पायरी, आणि ती लहान नाही.

साधीसुधी

आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी हेच लाल औषध दिलं होतं. दर वेळी आधी इको करायला लावायचे, त्याचं कारण आज नीट कळलं. डॉक्टर, हा पदार्थ तयार झाला तर अशा रुग्णांनाही उपयोग होईल का? म्हणजे हृदय वाचवायला?

गोळी_दोनवेळा

नाही हो ताई. तिथे औषध हाताच्या किंवा छातीच्या शिरेतून सगळ्या शरीरासाठीच दिलेलं असतं. कुठे लपली असेल ती पेशीसुद्धा मरावी म्हणून. ते वाटेत पकडलं तर उपचारच कमी पडेल. पकडण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा औषध एका अवयवापुरतं द्यायचं असतं.

तुम्ही म्हणता तशा रुग्णांसाठी आजही उपाय आहेत: लायपोसोममध्ये (चरबीच्या अतिसूक्ष्म पिशवीत) गुंडाळलेलं डॉक्सोरुबिसिन, किंवा निवडक रुग्णांना डेक्सराझॉक्सेन हे हृदयाचं संरक्षण करणारं औषध. कुणाला काय द्यायचं ते कॅन्सरतज्ज्ञच ठरवतील. आईंना नमस्कार सांगा. उपचार संपल्यावरही इको चुकवू नका, हृदयावरचा परिणाम काही वर्षांनीही दिसू शकतो.

पराटी

मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडं दोन गोष्टी भरपूर, पराटी आन फ्लोराइड. कापूस वेचून झाला का पराटी उपटून बांधावर पेटवून देतात. आन बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, पोराइचे दात पिवळे. तुमच्या या दातवणानं फ्लोराइड निघते का? निघत असन तर दोन्ही प्रश्न एकाच खेपेत सुटतात भाऊ.

काचपात्र

पराटी, नेमका प्रश्न. दुर्दैवानं उत्तर नाही असं आहे, आणि का नाही ते महत्त्वाचं.

फ्लोराइड स्वतः ऋण प्रभाराचा. आपले केस ऋण प्रभाराचे. दोघं एकमेकांना ढकलतात. मग केसांवर धन प्रभार बसवू म्हणाल तर तेही जमतं: अल्डिहाइडच्या पायरीवर थांबायचं आणि क्लोराइटऐवजी जिरार्ड-टी नावाचं संयुग जोडायचं. असा धन केसाळ प्रकारही मॅकगिलमध्येच झाला. पण तो पाण्यातल्या सल्फेट, बायकार्बोनेट, क्लोराइड, सगळ्यांनाच बोलावतो. फ्लोराइडचा आयन लहान, पाण्याच्या रेणूंनी घट्ट वेढलेला, त्याची पाळी शेवटी येते. फ्लोराइडला ॲल्युमिनियम किंवा कॅल्शियमशीच खरी ओढ. म्हणून सक्रिय ॲल्युमिना वापरतात, किंवा नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केलेली नलगोंडा पद्धत, तुरटी आणि चुना. तिचेही तोटे आहेत, पण तिथे रसायनशास्त्र तरी योग्य बाजूला आहे.

आर्सेनिकचंही तेच. बंगालच्या भूजलात ते आर्सेनेट म्हणून असतं तेव्हा ऋण, आणि आर्सेनाइट म्हणून असतं तेव्हा नेहमीच्या पाण्यात प्रभारच नाही. आयआयटी मद्रासचे टी. प्रदीप यांच्या गटाचं 'अमृत' हे पाणी शुद्ध करायचं तंत्र त्यासाठी लोहाचं ऑक्सिहायड्रॉक्साइड वापरतं. ते कायटोसानच्या जाळ्यात बसवलेलं असतं, म्हणजे जैविक पदार्थ तिथेही आहे, पण धरून ठेवणारा हात लोहाचा आहे. सहा संयुजेचं क्रोमियमही पाण्यात क्रोमेट म्हणून असतं, ऋणच.

म्हणून मूळ लेखात म्हटलं की आधी प्रभार विचारा.

निवळशंख

आपल्याकडे निवळीच्या बिया घासून गढूळ पाणी निवळायची पद्धत होती, माझं नाव त्यावरूनच. शेवग्याच्या बियांचं पण ऐकलंय. हे काय वेगळं आहे? आपल्या लोकांना माहीतच होतं की वनस्पती पाणी शुद्ध करतात.

ठोकताळा

निवळी आणि शेवगा दोन्ही चांगले आहेत, पण ते गाळ खाली बसवतात. शेवग्याच्या बियांत धन प्रभाराची लहान प्रथिनं असतात. मातीचे कण ऋण असतात, प्रथिनं त्यांना एकत्र बांधतात, गोळे होतात, खाली बसतात. पाणी स्वच्छ दिसतं, त्यातले जंतूही बरेच कमी होतात. पण विरघळलेलं शिसं किंवा औषध दिसतच नाही, ते गाळात नसतं, आणि नितळ पाण्यातही असतं. प्रश्न वेगळा, म्हणून साधन वेगळं. तत्त्व मात्र एकच आहे, विरुद्ध प्रभार, हे मान्य.

उसातला_मुंगळा

साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली आहे, म्हणून एक भर घालतो. मूळ लेखात चिपाड कच्चा माल म्हणून आलंय. बाहेरच्या लोकांना वाटतं चिपाड म्हणजे कचरा. अहो, ते आमचं इंधन आहे. त्यावर वाफ, वाफेवर टर्बाइन, उरलेली वीज महावितरणला. हंगाम संपताना बगॅस कमी पडला तर व्यवस्थापनाची झोप उडते. त्यामुळे 'टाकाऊ शेतमालापासून' असं कुणी लिहिलं की मी आधी विचारतो, टाकाऊ कुणासाठी?

दुसरं, हे पेरआयोडेट काय भावानं पडतं? आम्ही तर चुना आणि गंधकाचा पैसा मोजतो.

काचपात्र

मुंगळासाहेब, दुसऱ्या प्रश्नातच सगळं दुखणं आहे. पेरआयोडेट महाग आहे, आयोडीन महाग म्हणून. प्रक्रिया अंधारात करावी लागते, आणि हळू चालते. शेवटी ते आयोडेट होऊन पाण्यात उरतं. ते परत पेरआयोडेट करून वापरलं, विजेच्या मदतीनं किंवा ओझोननं, तरच हिशेब जुळतो. क्लोराइटच्या पायरीत क्लोरीनची उपउत्पादनं तयार होतात, त्यांना गप्प करायला हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. मग वेगवेगळे भाग सुटे करायला अल्कोहोल लागतं. म्हणजे कच्चा माल झाडाचा, पण त्याच्याभोवती फिरणारी रसायनं झाडाची नाहीत. कापूस फुकट मिळाला तरी एकूण खर्चात फारसा फरक पडणार नाही.

म्हणून मला दुसऱ्या एका घराण्याचं काम जास्त व्यवहारी वाटतं. न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात बेंजामिन श्याव यांचा गट नायट्रिक ॲसिड आणि सोडियम नायट्राइट वापरतो, आणि लगदा न करता थेट कच्च्या वनस्पतीवर, तागावर किंवा ऑस्ट्रेलियातल्या स्पिनिफेक्स गवतावर प्रक्रिया करतो. लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) काढणं आणि कार्बोक्झिल बसवणं एकाच भांड्यात. उरलेलं पाणी अल्कलीनं उदासीन केलं की त्यात नायट्रेट राहतं, ते खत म्हणून जातं. प्रभार केसाळ प्रकारापेक्षा कमी भरतो, पण शिसं आणि कॅडमियम पकडण्याइतका असतो.

ठोकताळा

खर्चाबद्दल एक जोड. साध्या (बिनकेसांच्या) काड्या कारखान्यात बनतात. माझ्या सध्याच्या मुक्कामापासून फार लांब नाही, क्यूबेकमधल्या विंडसर गावात सेल्युफोर्स कंपनीचा प्रकल्प २०१२ पासून आहे, क्षमता दिवसाला एक टन. आपल्याकडे माटुंग्याच्या सिरकॉटमध्येही (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था) नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्प आहे, कापसाच्या दुय्यम मालापासून. पराटी, तुमच्या पराटीचं पुढे काय करता येईल यासाठी तो पत्ता उपयोगी आहे. पण तिथे बनतं ते मुख्यतः कागद, प्लॅस्टिक, सिमेंट यांना बळकटी देण्यासाठी. धातू पकडण्यासाठी त्याच्यावर प्रभार बसवण्याचं काम पुन्हा वेगळं करावं लागतं.

शंकासुर

प्रभार समजला, पैसा समजला. पण मूळ शंका राहिलीच. हे कण इतके बारीक की पाण्यात दिसत नाहीत, खाली बसत नाहीत. मग धातू धरून बसलेला कण पाण्यातून काढायचा कसा? नाहीतर पाण्यात तांबं होतं, आता तांबं अधिक नॅनो आहे.

काचपात्र

हा आक्षेप बहुतेक शोधनिबंधांवर घेता येतो, त्यात तो नेहमी शेवटच्या परिच्छेदात ढकललेला असतो. केसाळ प्रकाराचं एक बरं आहे. हे कण तरंगत राहतात ते ऋण प्रभारामुळे, एकमेकांना ढकलत. तांब्याच्या आयनांनी तो प्रभार भरून काढला की ढकलणं थांबतं आणि कण गोळा व्हायला लागतात. म्हणजे भरलेला कण आपोआप गठ्ठ्यात जातो आणि त्याला गाळता किंवा अपकेंद्री यंत्रात खाली बसवता येतं. अडचण येते ती अर्धवट भरलेल्या कणांची. धातू कमी आणि पदार्थ जास्त पडला तर कण तसेच तरंगत राहतात. म्हणून मात्रा मोजून घालावी लागते, अंदाजानं ओतून चालत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे कण सुटे सोडायचेच नाहीत, जेलच्या मण्यांत किंवा पडद्यात बांधून टाकायचे. मग क्षमता थोडी जाते, वेगही जातो, कारण आयनाला आतपर्यंत झिरपावं लागतं. 'काही सेकंदांत' हा आकडा सुट्या कणांचा आहे हे लक्षात ठेवा. डॉक्टरांनी सांगितलेल्या शिरेतल्या जाळीत तर बांधण्याशिवाय पर्यायच नाही, रक्तात सुटे कण कोण सोडू देईल?

टेकडीवरचा

निओडिमियमवर कुणी बोलेना. माझ्या मते खरी मजा तिथे आहे. हेडफोन, हार्ड डिस्क, विजेच्या गाड्यांच्या मोटारी, पवनचक्क्या, सगळीकडे निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक. जगातली शुद्धीकरणाची बहुतेक क्षमता चीनकडे. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे निओडिमियम असलेलं खनिज आहे, पण त्यात थोरियम, म्हणून तो अणुऊर्जेच्या नियमांत अडकलेला. भंगारातून काढता आलं तर सोन्याहून पिवळं.

ठोकताळा

खरंय, पण चुंबकाचं सूत्र बघा: निओडिमियम दोन, लोह चौदा, बोरॉन एक. वजनात निओडिमियम जेमतेम २७ टक्के आणि लोह ७२. चुंबक ॲसिडमध्ये विरघळवला की तुमच्यासमोर लोहाचा समुद्र. केसाळ सेल्युलोज लोह, कॅल्शियम, सोडियम यांच्यातून निओडिमियम निवडतं असा पेन स्टेटच्या गटाचा दावा आहे, पण मी कारखानदार असतो तर आधी पीएच तीन-चारच्या आसपास नेऊन तीन संयुजेचं लोह हायड्रॉक्साइड म्हणून खाली बसवलं असतं आणि उरलेल्या पाण्यावर हा पदार्थ वापरला असता. शिवाय ॲसिड फार तीव्र असेल तर कार्बोक्झिल गटावर हायड्रोजनच जाऊन बसतो आणि प्रभार मरतो. हीच गोष्ट उलटी वापरून पदार्थ मोकळा करतात: ॲसिडनं धुतला की धातू सुटतो, काडी परत कामाला.

आज निओडिमियम वेगळं करतात ते केरोसिनसारख्या द्रवात मिसळलेल्या सेंद्रिय ॲसिडांनी, डझनावारी टप्प्यांत. त्या मानानं पाण्यात चालणारी ही पद्धत नक्कीच स्वच्छ.

गोळी_दोनवेळा

औषधांचा दुसरा प्रश्न रक्तातला नसून गटारातला आहे. हैदराबादजवळ पटणचेरूला सुमारे नव्वद औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात यायचं. २००७ मध्ये स्वीडनच्या योकिम लार्सन यांच्या गटानं तिथून *प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं* पाणी तपासलं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत. प्रतिजैविक घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं. जिवाणूंना प्रतिरोधाची शाळाच काढून दिली म्हणा. तिथे हा पदार्थ चालेल का?

काचपात्र

सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या रेणूवर उदासीन पाण्यात दोन्ही प्रभार असतात, एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण. पाणी जरा आम्लधर्मी केलं, पीएच पाचच्या आसपास, तर ऋण टोक झाकलं जातं आणि धन उरतं, त्याच वेळी आपले कार्बोक्झिल गट बऱ्यापैकी उघडे असतात. ती अरुंद खिडकी आहे. डायक्लोफेनॅक मात्र पूर्ण ऋण, त्याच्या वाटेला जाऊच नये, त्याला सक्रिय कोळसा बरा. कोळसा प्रभार बघत नाही, म्हणून तो कुठेच अव्वल नसला तरी सगळीकडे चालतो.

आणि हो, पटणचेरूसारखी तीव्रता असेल तर पकडण्याला अर्थ आहे. नदीत गेल्यावर तेच औषध हजारो पटींनी पातळ होतं, आणि मग त्याच्याशी स्पर्धा करायला पानांच्या कुजण्यातून आलेली ह्युमिक आम्लं, माती, मीठ, सगळे येतात.

साधीसुधी

मग घरच्या फिल्टरमध्ये हे कधी येईल? शिसं वगैरे काढायला?

ठोकताळा

येऊ नये असं माझं मत. हिशेब करून दाखवतो.

समजा बोअरचं पाणी, लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हे नवल नाही. म्हणजे २.५ मिलिमोल, प्रभारात ५ मिलिमोल. त्याच पाण्यात शिसं, समजा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम. ते प्रभारात जेमतेम अर्धा मायक्रोमोल. म्हणजे शिशाच्या एका प्रभारामागे कॅल्शियमचे दहा हजार रांगेत उभे. ग्रॅमभर पदार्थावर सहा मिलिमोल जागा. कॅल्शियमनं त्या व्यापायच्या म्हटल्या तर सव्वा लिटर पाण्यातच खेळ खलास. शिशाला कार्बोक्झिलची ओढ कॅल्शियमपेक्षा जास्त आहे हे खरं, पण दहा हजारांची रांग मोडायला ओढ तेवढी तगडी लागते.

हा पदार्थ उगमाशी वापरायचा. जिथे धातू दाट आणि भेसळ कमी. घराच्या नळाशी पोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

चाकणचा_चाकरमानी

मूक वाचक होतो, उगमाशी म्हणालात म्हणून लिहितोय. छोटं प्लेटिंगचं युनिट सांभाळतो. तांबं आणि निकेल दोन्ही ओळी आहेत. धुण्याचं पाणी सामायिक केंद्रात जातं. निकेलला हा पदार्थ चालेल?

काचपात्र

चालेल, पण तांब्याइतका नाही. दोन प्रभारांच्या धातूंमध्ये ऑक्सिजनच्या गटांना धरण्याचा क्रम साधारण ठरलेला आहे: मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबं असा चढत जातो आणि जस्ताला उतरतो. निकेल तांब्याच्या एक पायरी खाली. तुमच्या निकेलच्या टाकीत सल्फेट, क्लोराइड आणि बोरिक ॲसिड असेल तर निकेल सुटा धन आयन म्हणून आहे, म्हणजे तत्त्वतः काम होईल. पण खरं सांगायचं तर यासाठी कार्बोक्झिल गटांची आयन-विनिमय रेझिनं बाजारात आहेतच, वर्षानुवर्षं वापरात आहेत. केसाळ सेल्युलोजला आधी त्यांच्याशी भावात टक्कर द्यावी लागेल.

तांब्याची ओळ कुठली? ॲसिडची की सायनाइडची?

चाकणचा_चाकरमानी

लोखंडावर थेट करायचं असतं म्हणून आधी सायनाइड, मग ॲसिड. धुण्याचं पाणी एकाच टाकीत यायचं, आता वेगळं केलंय.

ठोकताळा

वेगळं केलंत ते फार बरं केलंत, आणि ते वेगळंच ठेवा. सायनाइडमधलं तांबं सायनाइडनं चहूबाजूंनी वेढलेलं असतं, तो सगळा गठ्ठा ऋण प्रभाराचा. तांबंच असूनही आपल्या काडीला ते चिकटणार नाही. आधी अल्कलीत, पीएच दहाच्या वर ठेवून, हायपोक्लोराइटनं सायनाइड मोडावं लागतं, त्यानंतरच पुढचं काही.

आणि ती प्रक्रिया पूर्ण झाल्याची चाचणी येईपर्यंत ॲसिडच्या ओळीचा एक थेंबही त्या टाकीत जाता कामा नये. हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. दोन्ही टाक्यांमध्ये जुना जोडपाइप राहिला असेल तर नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागवू नका, पाइप कापून टोकं बंद करून घ्या.

चाकणचा_चाकरमानी

जोडपाइप आहे. उद्याच फिटर बोलावतो. ॲसिड तांब्याच्या धुण्याच्या पाण्याचा नमुना तपासून आकडे इथेच टाकेन.